विश्लेषण : लिंकच्या शेवटी काय आहे? ‘डॉट कॉम’पासून ‘बँक डॉट इन’पर्यंत

देशातील बँकांनी आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ने संपणाऱ्या पत्त्यावर न्यावीत, यासाठी रिझर्व्ह बँकेने दिलेली मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. संकेतस्थळाच्या पत्त्याचे शेपूट बदलले तर ग्राहकाला काय फरक पडतो? ‘डॉट कॉम’, ‘डॉट इन’, ‘डॉट ओआरजी’, ‘डॉट एआय’ ही शेपटे येतात कुठून, ती कोण वाटते आणि त्यांतली कोणती भरवशाची?

मोबाइलवर लघुसंदेश येतो. वाहनाचा दंड थकला आहे, आज रात्री वीज तोडली जाणार आहे किंवा खात्याचे केवायसी संपले आहे, असे त्यात लिहिलेले असते. खाली लिंक असते आणि तिच्यात बँकेचे किंवा सरकारी खात्याचे ओळखीचे नाव दिसते. नाव दिसले की बोट पुढे जाते. फसवणूक करणाऱ्याला नेमके हेच हवे असते. पत्त्यात कोणाचेही नाव सुरुवातीला टाकता येते, त्याला कोणाची परवानगी लागत नाही. पत्ता कोणाच्या ताब्यात आहे, हे कळते ते शेवटच्या भागावरून.

पत्ता उलटा का वाचायचा?

टपालाच्या पाकिटावर आपण आधी माणसाचे नाव लिहितो, मग मु. पो., मग तालुका आणि शेवटी जिल्हा. टपाल खाते मात्र तो खालून वर वाचते. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, आणि नाव पाहण्याचे काम गावातल्या पोस्टमनचे. इंटरनेटचा पत्ता तसाच चालतो. ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’ असे टाकल्यावर यंत्रणा आधी ‘इन’ कोणाकडे आहे हे विचारते, तिथून ‘बँक’चा ठावठिकाणा घेते आणि मग ‘एसबीआय’पर्यंत पोहोचते. या शेवटच्या भागाला तांत्रिक भाषेत ‘टॉप लेव्हल डोमेन’ म्हणतात. जगातील अशा सर्व शेपटांची एक मूळ यादी असते. तिचा कारभार अमेरिकेत कॅलिफोर्नियात नोंदणी झालेली ‘आयकॅन’ ही ना-नफा संस्था १९९८ पासून पाहते.

आता एक बनावट पत्ता पाहू : ‘परिवहन डॉट जीओव्ही डॉट इन डॉट अमुक डॉट टॉप’. डावीकडून वाचले तर तो सरकारी वाटतो, कारण ‘जीओव्ही डॉट इन’ त्यात आहेच. पण पत्ता तिथे संपत नाही. तो ‘अमुक डॉट टॉप’वर संपतो आणि मालक तो ‘अमुक’ आहे. आधीचे सगळे त्याने स्वतःच्या मर्जीने लावलेले आहे. घरावर ‘जिल्हाधिकारी कार्यालय’ अशी पाटी लावण्यासारखाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की घरावरच्या अशा पाटीची शेजाऱ्यांना लगेच शंका येते.

दुसरी युक्ती आडव्या रेघेची. ‘अमुक डॉट जीओव्ही डॉट इन’ आणि ‘अमुक-जीओव्ही डॉट इन’ हे दोन वेगळे पत्ते आहेत. पहिला सरकारी यंत्रणेतूनच मिळतो. दुसऱ्यात ‘अमुक-जीओव्ही’ हे एक सलग नाव झाले आणि ते कोणीही घेऊ शकतो. तिसरी युक्ती तिरक्या रेघेनंतरची. ‘एचटीटीपीएस’नंतरच्या दोन तिरक्या रेघा सोडून पुढे जी पहिली एकटी तिरकी रेघ येते, तिथे पत्ता संपतो. त्या रेघेनंतर बँकेचे नाव दहा वेळा आले तरी त्याला अर्थ नाही. नजर टाकायची ती त्या रेघेच्या लगेच आधीच्या दोन-तीन शब्दांवर.

‘बँक डॉट इन’मध्ये वेगळे काय?

रिझर्व्ह बँकेने ७ फेब्रुवारी २०२५ च्या पतधोरणाबरोबर ही घोषणा केली आणि २२ एप्रिलला परिपत्रक काढले. व्यापारी बँकांबरोबर नागरी सहकारी आणि जिल्हा मध्यवर्ती बँकाही त्यात आल्या. ही नावे देण्याचा अधिकार एकट्या ‘आयडीआरबीटी’कडे, म्हणजे रिझर्व्ह बँकेनेच स्थापन केलेल्या हैदराबादच्या संस्थेकडे आहे. एरवी डोमेन नाव घेणे मोबाइल रिचार्जइतके सोपे असते. विक्रेत्याच्या संकेतस्थळावर जायचे, नाव मोकळे आहे का ते पाहायचे आणि काही शे रुपये भरायचे. ‘बँक डॉट इन’ची खिडकी मात्र बँकेलाच उघडते. त्यामुळे हे शेपूट खरे असेल तर मागे खरी बँक आहे, असे म्हणायला आधार मिळतो. बँकेतर वित्तसंस्थांसाठी ‘फिन डॉट इन’ असे दुसरे शेपूटही रिझर्व्ह बँकेने जाहीर केले आहे.

महाराष्ट्रात याला आणखी एक कंगोरा आहे. राज्यात गावोगावी पतसंस्था आहेत आणि बोलीभाषेत लोक त्यांनाही सर्रास बँक म्हणतात. कायद्याने त्या बँका नाहीत आणि रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालीही येत नाहीत. त्यामुळे पतसंस्थेच्या पत्त्यात ‘बँक डॉट इन’ नसले म्हणून ती बनावट ठरत नाही. मात्र ठेव ठेवताना आपण बँकेत आहोत की पतसंस्थेत, हा प्रश्न ज्यांना कधी पडला नाही, त्यांना पत्त्याचे शेपूट तो निदान विचारायला लावील. बँकेतील ठेवींना पाच लाख रुपयांपर्यंत जे ठेव विम्याचे संरक्षण असते, ते पतसंस्थेतील ठेवींना नसते.

निर्णय योग्य आहे, पण उशिरा आला. केवळ बँकांसाठी राखलेले ‘डॉट बँक’ हे जागतिक शेपूट २०१५ पासून उपलब्ध आहे. ‘डॉट बँक’ आणि ‘बँक डॉट इन’ हे दोन वेगळे आहेत, हेही लक्षात ठेवावे लागते. भारतीय स्टेट बँकेने तर आधीच स्वतःचे ‘डॉट एसबीआय’ असे संपूर्ण शेपूट घेतले होते. म्हणजे ज्या ग्राहकाने कष्टाने ‘डॉट एसबीआय’ पाहायला शिकून घेतले, त्याला आता ‘एसबीआय डॉट बँक डॉट इन’ शिकायचे आहे. मधल्या काळात जुने पत्ते नव्याकडे वळवले जातात, आणि ‘आमचा पत्ता बदलला आहे, इथे टिचकी मारा’ असा संदेश पाठवायला ठगांनाही आयते निमित्त मिळते.

ही शेपटे आली कुठून?

सुरुवातीला इंटरनेटवरील सगळ्या संगणकांची नावे एकाच फाइलमध्ये होती. कॅलिफोर्नियातील एका संशोधन संस्थेत ती सांभाळली जाई आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. संगणक वाढले तसे ते अशक्य झाले. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांची ही उतरंडीची रचना मांडली आणि पुढच्याच वर्षी जॉन पोस्टेल व जॉयस रेनॉल्ड्स यांच्या टिपणात पहिली शेपटे ठरली. व्यापारासाठी ‘कॉम’, शिक्षणासाठी ‘ईडीयू’, सरकारसाठी ‘जीओव्ही’, लष्करासाठी ‘एमआयएल’, उरलेल्या संस्थांसाठी ‘ओआरजी’. ‘नेट’ लगोलग आले. १५ मार्च १९८५ रोजी ‘सिम्बॉलिक्स डॉट कॉम’ हे पहिले ‘डॉट कॉम’ नोंदले गेले. तेव्हा नोंदणी फुकट होती. १९९५ मध्ये शुल्क सुरू झाले. आज ‘डॉट कॉम’ नावांची संख्या १५ कोटींच्या पुढे आहे.

ही यंत्रणा अमेरिकेत जन्मली याची खूण अजून शिल्लक आहे. नुसते ‘डॉट जीओव्ही’ म्हणजे अमेरिकेचे सरकार, नुसते ‘डॉट एमआयएल’ म्हणजे अमेरिकेचे सैन्य. बाकी देशांना ‘जीओव्ही’च्या पुढे आपले देशनाम जोडावे लागते. ‘डॉट ईडीयू’ही २००१ पासून अमेरिकेत मान्यता असलेल्या शिक्षणसंस्थांनाच मिळते. भारतातील विद्यापीठे ‘एसी डॉट इन’ किंवा ‘ईडीयू डॉट इन’ वापरतात. ही दोन्ही ‘अर्नेट इंडिया’कडून कागदपत्रे पाहून दिली जातात. प्रवेशाच्या दिवसांत एखाद्या ‘विद्यापीठा’ची जाहिरात आली, की विद्यापीठ अनुदान आयोगाची बनावट विद्यापीठांची यादी पाहण्याआधीच त्याच्या पत्त्यावरून पहिला अंदाज बांधता येतो.

‘ओआरजी’बद्दल मात्र मोठा गैरसमज आहे. ‘डॉट ओआरजी’ म्हणजे सेवाभावी संस्था, असे लोक धरून चालतात. प्रत्यक्षात ते कोणीही घेऊ शकतो आणि संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र कोणी मागत नाही. देणगीचे आवाहन ‘डॉट ओआरजी’वरून आले, एवढ्यावर पैसे पाठवू नयेत. हे शेपूट सांभाळणारी संस्था एका खासगी गुंतवणूक कंपनीला एक अब्ज डॉलरहून अधिक किमतीला विकण्याचा घाट २०१९ मध्ये घातला गेला होता. जगभरच्या स्वयंसेवी संस्थांनी ओरड केल्यावर ‘आयकॅन’ने एप्रिल २०२० मध्ये त्याला नकार दिला.

‘डॉट इन’ म्हणजे भारतीय, हे खरे का?

‘इन’ हे भारताचे देशनाम आहे आणि ते १९८९ पासून अस्तित्वात आहे. सुरुवातीची अनेक वर्षे त्याचा कारभार मुंबईतून, जुहूच्या ‘नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी’मधून चालत असे. नियम कडक होते, नावे जपून दिली जात आणि २००४ पर्यंत जेमतेम काही हजार नावे नोंदली गेली होती. मग धोरण बदलले, सूत्रे ‘निक्सी’ या संस्थेकडे गेली आणि २००५ च्या सुरुवातीला दार सगळ्यांना खुले झाले. संख्या वाढली, पण जुनी गाळणी गेली. आज जगातील कोणीही, भारतात पाय न ठेवता, ‘डॉट इन’ किंवा ‘सीओ डॉट इन’ घेऊ शकतो. म्हणून ‘डॉट इन’ हा भारतीयत्वाचा दाखला नाही, सरकारीपणाचा तर मुळीच नाही.

सरकारी खूण आहे ती ‘जीओव्ही डॉट इन’. ती राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्रामार्फत सरकारी कार्यालयांनाच मिळते. ‘एनआयसी डॉट इन’ ही त्याच केंद्राची जुनी खूण. राज्य सरकारचे ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’, गोव्याचे ‘गोवा डॉट जीओव्ही डॉट इन’, आधारचे ‘यूआयडीएआय डॉट जीओव्ही डॉट इन’ किंवा राज्यातील वाहतूक दंडाचे ‘महाट्रॅफिकईचलन डॉट जीओव्ही डॉट इन’ या सगळ्यांना ती आहे. दंडाच्या संदेशातील लिंक अशी संपत नसेल तर ती न उघडणेच बरे.

अडचण अशी, की सरकारने स्वतःच ही रेघ सरळ ठेवलेली नाही. रेल्वेची तिकिटे देणारी सरकारी कंपनी ‘आयआरसीटीसी डॉट सीओ डॉट इन’वर आहे, महावितरण ‘महाडिस्कॉम डॉट इन’वर आहे, आयुर्विमा महामंडळ ‘एलआयसीइंडिया डॉट इन’वर. हे सर्व पत्ते खरे आहेत, पण त्यांच्या शेपटांवरून ते खरे असल्याचे कळायला मार्ग नाही. वीज तोडण्याच्या धमकीचे खोटे संदेश राज्यभर फिरत होते तेव्हा ‘जीओव्ही डॉट इन पाहा’ एवढे एक वाक्य सांगून भागले नसते. बँकांना जी शिस्त लावली ती सार्वजनिक कंपन्यांना लावायला काय हरकत आहे, हा प्रश्न म्हणूनच विचारला पाहिजे.

दोन अक्षरांचे शेपूट म्हणजे देश

शेपूट दोनच अक्षरांचे असेल तर ते कुठल्या तरी देशाचे किंवा प्रदेशाचे असते. कंपन्या ते वेगळ्याच अर्थाने वापरतात. ‘डॉट एआय’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी बनलेले नाही, ते कॅरिबियन समुद्रातील अँग्विला या चिमुकल्या ब्रिटिश प्रदेशाचे आहे. तेथील लोकसंख्या आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी, सुमारे १६ हजार. एआयची लाट आली आणि २०२३ मध्ये नुसत्या या दोन अक्षरांतून अँग्विलाला सुमारे ३.२ कोटी अमेरिकी डॉलर मिळाले. ही रक्कम तिथल्या सरकारी महसुलाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक होती. ‘डॉट टीव्ही’ तुवालू या पॅसिफिक बेटांचे आहे. नवउद्यमींचे लाडके ‘डॉट आयओ’ हिंदी महासागरातील चागोस बेटांसाठीचे. ती बेटे मॉरिशसला देण्याचा करार ब्रिटनने मे २०२५ मध्ये केला, तेव्हा बेटांबरोबर या शेपटाचेही पुढे काय होणार, अशी चर्चा तंत्रजगतात सुरू होती.

देशनाम वापरले की त्या देशाचे नियमही लागू होतात. ‘डॉट एलवाय’ लिबियाचे आहे. २०१० मध्ये लिबियाच्या नोंदणी यंत्रणेने स्थानिक नियमांत बसत नाही म्हणून अशा नावाचे एक संकेतस्थळ बंद पाडले होते, त्याचे मालक लिबियात नव्हते तरी. शेपटातील एका अक्षराची चूकही महागात पडते. अमेरिकी लष्कराचे ‘डॉट एमआयएल’ टंकताना एक अक्षर गळले, की ते मालीचे ‘डॉट एमएल’ होते. अशा चुकीमुळे लष्करासाठीचे ईमेल वर्षानुवर्षे भलतीकडे जात असल्याचे २०२३ मध्ये उघड झाले.

नवी शेपटे, नवे घोळ

२०१२ मध्ये ‘आयकॅन’ने नव्या शेपटांसाठी अर्ज मागवले. एका अर्जाचे शुल्क १ लाख ८५ हजार डॉलर होते, तरी १,९३० अर्ज आले. त्यांतून ‘डॉट शॉप’, ‘डॉट ऑनलाइन’, ‘डॉट टॉप’, ‘डॉट टाटामोटर्स’ अशी बाराशेहून अधिक शेपटे आली. यात दोन टोके आहेत. ‘डॉट टाटामोटर्स’ किंवा ‘डॉट एसबीआय’ ही मालकाची खासगी शेपटे असल्याने तिथे परक्याला शिरता येत नाही. उलट काही शेपटांची नावे पहिल्या वर्षी चहा-वड्याच्या भावात विकली जातात. फसवणूक करणाऱ्याला पत्ता दोन-चार दिवसच लागतो, त्यामुळे तो स्वस्ताकडे जातो. स्वस्त शेपटावरचे प्रत्येक संकेतस्थळ खोटे नसते. पण एखादी बँक किंवा सरकारी खाते आपला कारभार तिथून कशाला चालवील?

गुगलने मे २०२३ मध्ये ‘डॉट झिप’ हे शेपूट विक्रीला काढले, तेव्हा सुरक्षातज्ज्ञांनी डोक्याला हात लावला. ‘झिप’ हा फाइलचा प्रकार म्हणून लोकांना ठाऊक आहे. तेच आता पत्त्याचे शेपूटही झाले. संदेशात कोणी फाइलचे नाव लिहिले आणि ॲपने त्याची आपोआप लिंक केली, तर ती अनोळखी संकेतस्थळावर नेऊ शकते. याच्या उलटा गोंधळ ‘एपीके’चा. ते पत्त्याचे शेपूट नव्हे, अँड्रॉइड ॲपच्या फाइलचे आहे. व्हॉट्सॲपवर ‘ई-चलन डॉट एपीके’ आले तर तो कुठला पत्ता नसतो. ते फोनमध्ये शिरू पाहणारे ॲप असते.

मराठीतून पत्ता लिहिता येतो का?

येतो. देवनागरीतील ‘डॉट भारत’ ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाले. मराठी, हिंदी, कोकणीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या आठ भाषांसाठी ते एकच आहे. पुढे इतर लिप्याही आल्या. मराठीसाठी बारकावे पाहावे लागले. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन. हा फरक पत्त्यात टिकावा म्हणून देवनागरीच्या जागतिक नियमांत ‘ऱ’ला खास जागा ठेवावी लागली. तरीही वापर नगण्य आहे. यंत्रणा आतून आजही रोमन अक्षरांवर चालते, देवनागरी नावाचे आधी ‘एक्सएन’ने सुरू होणाऱ्या सांकेतिक रूपात रूपांतर होते आणि अनेक ॲप व ऑनलाइन अर्ज असा पत्ता किंवा ईमेल स्वीकारतच नाहीत. परिणामी ज्याला इंग्रजी वाचता येत नाही, त्याच्यासाठी शेपूट तपासण्याचा सल्ला निम्मा निरुपयोगी ठरतो.

शेपूट बरोबर असले की निर्धास्त?

नाही. पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह एवढेच सांगते, की मधल्या वाटेत कोणी मजकूर वाचत नाही. पलीकडे ठग बसला असेल तरी ते कुलूप दिसतेच. ‘जीओव्ही डॉट इन’च्या पोटातही सट्टेबाजीची पाने घुसवल्याचे प्रकार घडले आहेत. डोमेन नाव भाड्याच्या जागेसारखे असते. नूतनीकरण चुकले, की दुसरा कोणी तेच नाव घेतो, आणि जुन्या संस्थेच्या पत्त्यावर भलतेच दुकान थाटले जाते. शोधयंत्रात सर्वात वर दिसणारा निकाल ही पुष्कळदा जाहिरात असते, तीही ठगाने पैसे मोजून दिलेली असू शकते.

सर्वात मोठी पळवाट आखूड लिंकची. ‘बिट डॉट एलवाय’सारख्या सेवा लांब पत्ता आखूड करतात आणि त्यात खरे शेपूट झाकले जाते. आखूड लिंक पाठवणारी बँक आणि ‘अनोळखी लिंक उघडू नका’ असे बजावणारी बँक एकच असेल, तर ग्राहकाने यातले काय ऐकायचे? दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने १ ऑक्टोबर २०२४ पासून लघुसंदेशांत आधी मंजूर न झालेल्या लिंक रोखण्याचा नियम केला. त्याने लघुसंदेशांना गाळणी लागली, पण व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम त्या गाळणीच्या बाहेर आहेत.

फोनचा पडदा लहान असल्याने लांब पत्ता पूर्ण दिसत नाही. अशा वेळी पत्त्याच्या पट्टीवर बोट टेकवून तो पूर्ण उघडावा आणि पहिल्या तिरक्या रेघेच्या आधीचे शब्द वाचावेत. बँकेचे काम असेल तर संदेशातील लिंक सोडून ‘बँक डॉट इन’चा पत्ता स्वतः टंकावा किंवा आधीपासून फोनमध्ये असलेले बँकेचे ॲप उघडावे. पैसे गेलेच तर १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तातडीने कळवावे, कारण पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक असते. ऑनलाइन तक्रारीचा पत्ता ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ आहे. त्याची हुबेहूब नक्कल करणारी संकेतस्थळेही असू शकतात, तेव्हा तिथेही आधी शेपूट पाहावे.